खांड

वाशीच्या सभागृहात फलक लागला होता:
हवामान कोण बदलतंय, निसर्ग की माणूस?
खाली प्रायोजक बिल्डरचं नाव, जरा मोठ्या अक्षरात.
एसी इतका गार, की पहिल्या रांगेतल्या बायका
पदर खांद्यांवर ओढून बसलेल्या.

मला बोलावलं, कारण समितीत कुणीतरी म्हणालं,
धारण तलावावरच्या पंपवाल्यालाही द्या दोन मिनिटं.
एकोणीस वर्षं मी झडपांची नोंद ठेवतो.
भरतीला झडप मिटते, ओहोटीला उघडते,
आणि मिटलेली असताना वरून कोसळला,
तर शहराचं पाणी कुठं जायचं, ते मला विचारतात.

आठल्ये साहेब आधी उठले. भूशास्त्रातून निवृत्त,
आवाज मऊ, पायांत पांढरे बूट.
म्हणाले, हा समोरचा पारसिकचा डोंगर लाव्ह्याचा.
तो उकळत होता तेव्हा कुठं होती
ठाणे-बेलापूरची कारखान्यांची रांग?
पृथ्वी कितीदा तापली, कितीदा निवली.
टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.
डोंगर लाव्ह्याचाच आहे.

मग सबनीस मॅडम.
वणवे पूर्वीही लागायचे, म्हणून
आजची काडी कुणी ओढलीच नाही, असं होत नाही, म्हणाल्या.
आणि धुराला कूळ असतं.
कोळशातून आलेला कार्बन वेगळा, ज्वालामुखीचा वेगळा.
मोजता येतं. मोजलंय.
त्यांना टाळ्या कमी. तोवर चहा आला होता.

माझी दोन मिनिटं.
रजिस्टर उघडलं आणि आकडे दिसेनात,
दिसली घणसोलीची आमची खार.

मी नऊ वर्षांचा. उधाणाची रात्र.
सकाळी बांधाला खांड, भातात गुडघाभर खारं पाणी,
आणि काठावर अख्खं गाव, तोंडाला तोंड.
उधाणच मोठं. बांधच जुना. चिंबोऱ्यांनी पोखरला.
जोमा मढवी तेवढा बोलला नाही.
चिखलात उतरला,
खांडीच्या कडेला कोपरापर्यंत हात घातला
आणि डोळे मिटून चाचपत राहिला.
चिंबोरी तिरकी खनते, म्हणाला,
तिचा बील गोल, आतून लिंपल्यावानी.
ही कड सरल हाय.
ही फावऱ्याची.

वर बघितलं नाही त्यानं, कुणाकडंच.
माझा बाप म्हणाला, चिंबोरीच.
दोनदा म्हणाला.
त्या पहाटे आमच्या चुलीवर जिताडा होता,
हाताएवढा,
आणि आईनं खिडकी लावून घेतली होती.

खांड सगळ्यांनी भरली. पेंढा, दगड, चिखल.
सगळ्यांत जास्त टोपल्या बापानं टाकल्या.
भात जळायचं ते जळलंच.
जोमानं मरेपर्यंत नाव घेतलं नाही;
फक्त दर उधाणाला, जेवणं झाली की,
आमच्या दारात कंदील घेऊन उभा राहायचा:
चल, बांधावं बसू.

घंटी वाजली. मी घाईघाईनं
गेल्या चार पावसाळ्यांचे पंपाचे तास वाचले,
चढत गेलेले. एकाने पार्किंगबद्दल विचारलं.
सूत्रसंचालक म्हणाला, पण तुमचं मत?
निसर्ग की माणूस?
कड सरल हाय, मी म्हणालो.
हशा पिकला. सबनीस मॅडम हसल्या नाहीत.

बाहेर भिंतीवर एसीची यंत्रं ओळीनं,
गरम वाफ थेट चेहऱ्यावर.
आठल्ये साहेब ड्रायव्हरची वाट बघत होते.
रात्री एक दहाला भरती आहे, मी म्हटलं,
मोठी आहे. येता झडपेवर?
बसू.

ते खाडीच्या दिशेनं बघत राहिले.
मग खाली, पायांकडे:
चिखल असेल ना हो?
असेल.
थांबा मग, म्हणाले,
दुसरे बूट आहेत गाडीत.